लेकीचा स्थलांतराचा दाखला

माझ्या एकुलत्या एका लेकीचं नाव कॉलेजातून मी माझ्या हातानं कमी केलं. कुणी फसवलं नाही, कुणी भरीला घातलं नाही. डोळ्यांवर चष्मा होता, अर्ज माझ्याच अक्षरात होता, आणि काम झालं म्हणून निघताना खिडकीतल्या क्लार्कला मी दोन पेढेही दिले. लेकीला कॉलेजातून काढून पेढे वाटणारी दुसरी आई कुणाला माहीत असेल तर मला तिचा पत्ता द्या. दोघी मिळून मंडळ काढू.

तेव्हा मी चाळिशीत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. डिंभ्याच्या धरणाजवळच्या एका गावात मी अंगणवाडी चालवायची. दहावी झालेली, अक्षर मोत्यासारखं, आणि अकरा रजिस्टरं सांभाळायची सवय. गावात कुणाचं रेशनकार्ड फाटलं, कुणाला जन्माची नोंद हवी झाली की माणसं माझ्याकडं यायची. "बाईंकडं जा, बाईला कागदातलं लई कळतं." हे इतक्या वेळा ऐकलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. त्या वेळची मी आज समोर आली तर तिच्या हातातला पेन मी आधी काढून घेईन, मग पाणी विचारीन.

लेक जुन्नरला कॉलेजात होती. माझी बहीण तिथं राहायची, तिच्याकडं राहून शिकायची, सुट्टीला घरी यायची. तिच्या डोक्यात दोन विषय होते, वनस्पतीशास्त्र आणि भूगोल. आता माझी नात सांगते, ह्याला डबल मेजर म्हणतात. त्या काळी आमच्याकडं ह्याला फक्त हट्ट म्हणायचे.

हट्टाला कारण होतं. आमच्या घरात तीन पिढ्या मेंढरं होती. सासऱ्यांनी मेंढरांची शेवटची खांडं विकली आणि आम्ही शेतीला लागलो, पण आमच्या ह्यांना गवत बघितल्याशिवाय चालता येत नाही. लग्नाला निघालो तरी वाटेत खाली वाकायचे. "हे पवन्या. हे मारवेल. ह्या कुसळीपासनं मेंढरू लांब ठेवायचं बरं का, पिकली की लोकरीत शिरती." लेक लहानपणापासून त्यांच्या मागं फिरलेली. मोठी झाल्यावर तिनं ह्यांना विचारलं, "आण्णा, पवन्या ह्या टेकडीवर आहे आणि पलीकडच्या टेकडीवर का नाय?" हे म्हणाले, "न्हाई म्हंजी न्हाई. तसंच असतंय." तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. गवत कोणतं, हे एक विषय सांगतो आणि ते तिथंच का, हे दुसरा सांगतो, म्हणून मला दोन्ही पाहिजेत, असं तिचं म्हणणं.

पण नियम असा, की तिसऱ्या वर्षाला एकच विषय धरायचा. दुसरा पाहिजे असेल तर पदवी हातात आल्यावर आणखी एक वर्ष बसायचं. त्यात तिच्या भूगोलाच्या मॅडमनी नवीनच पिल्लू सोडलं. न्यूझीलंडला एका विद्यापीठात कुरणांचा अभ्यास होतो, एक सत्र तिथं जाऊन शिकता येतं, राहण्या-खाण्याची सोय ते बघतात. अट एकच, की तुम्ही इथल्या कॉलेजात त्या वेळी शिकत असायला पाहिजे.

"तिथं माणसांपरीस मेंढरं जास्ती हायेत म्हणं," मी ह्यांना सांगितलं.

"मग तिला तिकडं काय नवीन दिसणार हाय?" हे म्हणाले. पण त्या दिवसापासून बातम्यांत न्यूझीलंडची क्रिकेटची मॅच लागली की खेळाडू सोडून मैदानाचं गवत बघायला लागले.

लेकीनं जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं केलं आणि त्यावर आठ चौकोन आखले. चार वर्षं, आठ सत्रं. पहिल्या सहा चौकोनांत निळ्या पेननं वनस्पतीशास्त्र. आठव्यात तांबड्यानं भूगोल, इतकं बारीक आणि दाटीवाटीनं लिहिलेलं की चौकोन फुटेल असं वाटावं. आणि सातवा रिकामा. त्या सत्राचं भूगोलाचं काम ती सुट्ट्यांमध्ये आधी आणि आल्यावर नंतर करणार होती. मॅडमनी कबूल केलं होतं, हजेरीचं प्राचार्य बघणार होते. पान तिनं भिंतीवर खिळ्याला लावलं.

सगळ्या घराला त्या रिकाम्या चौकोनाची खाज सुटली. भरलेल्या सात चौकोनांकडं कुणी बघेना. नणंद आली, ती म्हणाली, "ह्या टायमाला मोकळी हाय व्हय? मग एक जागा हाय नारायणगावला. पोरगा लई शांत." शेजारीण म्हणाली टायपिंग. आणि मी, कागदातलं लई कळणारी मी, एक दिवस लेक नसताना पेन्सिलनं त्या चौकोनात 'शिवणक्लास' असं लिहिलं. पेन्सिलनं लिहिलं, म्हणजे जबरदस्ती नाही असा माझा हिशोब. लेकीनं आल्यावर खोडरबरनं पुसलं आणि खाली लिहिलं, 'रिकामं नाही. राखून ठेवलेलं आहे.'

तीन वर्षं अशीच गेली. पहिले सहा चौकोन तिनं ठरवल्यासारखे पार पाडले. पदवी हातात आली, भूगोलाच्या वर्षाला प्रवेश मिळाला. पदवी झालेल्यांसाठी त्या वर्गात एकच जागा होती, ती तिला मिळाली. आता जुलैत जायचं, तर न्यूझीलंडला पाठवायच्या कागदांत कॉलेजचं बोनाफाईड पाहिजे होतं. ही मुलगी आमच्याकडं शिकते, एवढं सांगणारा साधा कागद. पण त्याच आठवड्यात मॅडमनी तिला पावसाच्या आधी मढ गावाकडच्या कुरणांतून मातीचे नमुने आणायला सांगितलं होतं. तेच ते आधी उरकायचं काम. हे तिच्याबरोबर निघाले, चार दिवस पाहुण्यांकडं राहणार होते.

निघायच्या घाईत तिनं कोऱ्या कागदाच्या खाली सही केली आणि माझ्याकडं दिला. "आई, जुन्नरला जाऊन बोनाफाईडचा अर्ज दे. वरचा मजकूर तू लिही, तुझं अक्षर चांगलं हाय."

हे वाक्य बोलायला नको होतं. माझ्या अक्षराचं कौतुक केलं की मी चेकाळते.

दुसऱ्या दिवशी नवी साडी नेसून मी जुन्नरला गेले. घोडेगावला तासभर एसटीची वाट बघितली, तेवढ्या वेळात मनातल्या मनात अर्जाचा मायना तीनदा रचला. कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीजवळ भिंतीवर एक बोर्ड होता. इथं ज्यांचे अर्ज घेतात त्या दाखल्यांची यादी. बोनाफाईड पहिलं होतं. खाली आणखी चार-पाच, आणि शेवटी, 'स्थलांतर प्रमाणपत्र'.

ते वाचलं आणि मला वाटलं, अरेच्चा, हेच की!

आता माझ्या रजिस्टरात काय होतं ते सांगते, म्हणजे माझ्या मूर्खपणाला थोडी सावली मिळेल. दिवाळी झाली की आमच्याकडची मेंढरंवाली माणसं माळशेज उतरून कोकणात जायची आणि पावसाच्या आधी परत यायची. त्यांची पोरं माझ्या अंगणवाडीत. ती गेली की मी त्यांच्या नावापुढं 'स्थलांतरित' लिहायची. नाव तसंच राहायचं. रोजच्या खाऊच्या हिशोबात 'आज सहा कमी' असं मांडायची. वैशाखात पोरं काळीठिक्कर होऊन परत आली की तीच नावं, तीच पाटी, तोच खाऊ. दहा वर्षं मी तो शब्द लिहीत होते आणि दहा वर्षांत एकही स्थलांतरित पोर परत आलं नाही असं झालं नव्हतं. म्हणजे माझ्या लेखी स्थलांतर म्हणजे काय? पाच-सहा महिने जाणे आणि परत येणे. मग लेक तरी दुसरं काय करणार होती?

आणि बोनाफाईड काय, कुणीही मागतं. बसच्या पासलासुद्धा लागतं. परदेशाला जाणाऱ्या पोरीला भारदस्त कागद नको का?

मी कट्ट्यावर बसून सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. शिक्षणासाठी परदेशी जात असल्याने स्थलांतर प्रमाणपत्र मिळावे ही नम्र विनंती. खाली लेकीची सही होतीच.

खिडकीतला क्लार्क नवीन होता, पोरगेलासा. त्यानं अर्ज वाचला. "मावशी, स्थलांतर विद्यापीठाकडनं येतं. त्यासाठी आधी इथनं दाखला काढावा लागंल."

"मग काढा की."

"म्हंजी मुलीचं नाव कमी व्हईल."

"व्हईना. जाणारच हाय ती, मग कमी नाय तर काय जास्ती व्हणार?"

तो हसला. "विचार करून सांगताय ना?"

"भाऊ, अकरा रजिस्टरं लिहिती मी. मला नका शिकवू."

बिचाऱ्यानं मला तीनदा अडवलं होतं. मी तिन्ही वेळा त्याच्यावरून उडी मारून गेले. त्यानं दाखला तयार केला, आणि विद्यापीठाकडचा फॉर्मही दिला, तोही मी तिथंच भरला. नंतर आठवलं म्हणून म्हटलं, "बोनाफाईड पण द्या एक." तो म्हणाला, "आता कसं देणार मावशी?" मला वाटलं, साहेब जेवायला गेले असतील. पेढे दिले आणि आले.

चार दिवसांनी लेक आणि हे मातीच्या पिशव्या घेऊन घरी आले. मी चहा टाकला आणि कागद तिच्यापुढं ठेवला. "एक मागितलास, त्याच्यापेक्षा मोठा आणलाय."

तिनं वाचला. परत वाचला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठून ओट्यावर जाऊन बसली.

"काय झालं गं?" ह्यांनी विचारलं.

"आईनं मला कॉलेजातनं काढलं."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "कशापायी?"

मी म्हणाले, "काढलं कुठं? स्थलांतर केलंय. परत आली की नाव लागंल." आणि हे बोलता बोलताच तिच्या तोंडाकडं बघून मला कळायला लागलं की कुठंतरी मोठा घोळ झालाय. तिनं शांतपणे सांगितलं. कॉलेजचा दाखला काढला म्हणजे कॉलेज सुटलं. स्थलांतर म्हणजे हे विद्यापीठच सोडून दुसरीकडं चालले. आणि न्यूझीलंडची अट होती की इथं शिकत असली पाहिजे. भूगोल गेला आणि न्यूझीलंडही गेलं, दोन्ही एकाच कागदावर.

चहा उतू गेला. तो त्या दिवशी कुणी प्यालाच नाही.

लेक आत गेल्यावर हे माझ्याजवळ येऊन बसले. माणूस कमी बोलणारा, पण विचारायचं ते नेमकं विचारतो. "खरं सांग. तुला ती जायला नको व्हती का?"

मला राग आला पाहिजे होता, पण आला नाही. कारण हा प्रश्न मीही स्वतःला विचारत होते. शिवणक्लास मीच लिहिला होता. मग जे खरं होतं ते सांगितलं. "जायला पाहिजे व्हती. पण परत यायलाच पाहिजे व्हती. त्या यादीत परत येण्याचा तेवढा एकच कागद मला दिसला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जुन्नरला गेलो. मी काखोटीला माझं 'स्थलांतरित' लिहिलेलं सर्व्हेचं रजिस्टर घेतलं होतं. लेक म्हणाली, "ते कशाला?" मी म्हणाले, "पुरावा." एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. एका वळणावर माझं रजिस्टर घसरायला लागलं तर तिनं हात घालून धरलं.

प्राचार्य भले माणूस. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढं सरकवलं, बोट ठेवून दाखवलं. हे बघा साहेब, हा मुलगा. कार्तिकात स्थलांतरित. वैशाखात हजर. ही मुलगी. कार्तिकात स्थलांतरित. वैशाखात हजर.

त्यांनी दोन पानं नीट वाचली. हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. म्हणाले, "बाई, तुमच्या रजिस्टरात स्थलांतर केलेला माणूस परत येतो. आमच्या नियमात येत नाही. तुमचा नियम जास्त बरा आहे, पण मला आमचा पाळावा लागतो."

मग त्यांनी क्लार्कला बोलावलं. तो मला बघून दारातच थबकला. पेढ्यांची आठवण आम्हा दोघांनाही त्याच वेळी आली असावी. विद्यापीठाकडचा फॉर्म अजून टपालात गेला नव्हता, तो त्यांनी तिथंच फाडला. पण एक गोष्ट होऊन गेली होती. भूगोलाची ती एकच जागा रिकामी झाली म्हणून यादीतल्या पुढच्या मुलीला दिली होती. तिनं आदल्या दिवशीच प्रवेश घेतला होता.

"विद्यापीठाला लिहून वाढीव जागा मागतो," प्राचार्य म्हणाले. "मिळेल बहुतेक. पण तीन आठवडे तरी जातील."

न्यूझीलंडला कागद पोचायची मुदत दहा दिवसांवर होती.

मी लगेच खुर्चीच्या टोकाला आले. "साहेब, त्या मुलीचा पत्ता द्या. मी तिच्या आईला भेटते. बाईमाणूस हाय, समजून घेईल. एका वर्षानं काय..."

"आई, गप," लेक म्हणाली. मग प्राचार्यांकडं बघून, "सर, तिला काही विचारू नका. ती रांगेत होती म्हणून तिला मिळालं. तुम्ही वाढीव जागेचं लिहा."

"आणि परदेशाचं?"

तिनं माझं रजिस्टर मिटून माझ्याकडं सरकवलं. "ह्या वर्षी नाय होत," म्हणाली.

मला तेव्हा वाटलं की ह्या पोरीला आपण काय शिकवलं आणि ती काय शिकली, ह्याचा काही मेळ नाही. मी अजून मनात त्या दुसऱ्या मुलीच्या आईशी काय बोलायचं ते जुळवत होते.

पुढचं सांगून टाकते, म्हणजे तुम्ही अडकून राहणार नाही. वाढीव जागा मिळाली, बावीस दिवसांनी. भूगोल तिनं पूर्ण वर्ष बसून केला, सावकाश, अगदी हजेरीसकट. राखून ठेवलेला चौकोन त्यात खर्ची पडला. पुढं पुण्याला एमएस्सीला गेली, तिथं नवीन चौकोन आखले, त्यात पुन्हा एक कोरा सोडला आणि दुसऱ्या वर्षी तिकडं जाऊन पाच महिने राहून आली. तिकडून तिनं आण्णांसाठी कागदात दाबून वाळवलेलं गवत आणलं. ह्यांनी ते चष्मा लावून उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "आपल्याकडं ह्याला मेंढरू तोंड लावायचं न्हाई." पण जपून पोथीत ठेवलं. आता ती पुण्यात शिकवते, दोन्ही विषय. तिची मुलगी कॉलेजला जायची झाली तेव्हा घरात पुन्हा चौकोन निघाले, ह्या वेळी कॉम्प्युटरवर. मला बघायची परवानगी आहे, माऊसला हात लावायची नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. त्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीतून बाहेर पडून आम्ही दोघी जुन्नरच्या एसटी स्टँडवर येऊन बाकावर बसलो. घोडेगावची गाडी कधी येईल ह्याचा कुणालाच पत्ता नव्हता. समोर एक बाई भेंडी विकत होती. मी उगाच तिच्याशी भाव करायला लागले, घ्यायची नव्हती तरी. खरं म्हणजे लेकीच्या शेजारी नुसतं बसणं मला जमत नव्हतं.

परत येऊन बसले आणि म्हणाले, "शिव्या दे मला. पण असं गप बसू नकोस."

ती गाडी येते का ते बघत होती.

"मी चुकले. मला वाटलं, तुझं काम सोपं करावं. मी अर्ज लिहून दिला नसता तर..."

तेवढ्यात गाडी फलाटाला लागली आणि माणसं धावली. लेकीनं आधी उठून माझं रजिस्टर स्वतःच्या हातात घेतलं, मग माझ्याकडं वळली आणि जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते:

"तू चुकलीस ह्याचा राग नाय आला, आई. तुला तिथं उभं राहून वाटलं की मला काय पाहिजे ते तुला माझ्यापेक्षा जास्ती कळतंय, त्याचा आला. मी चार दिवसांत येणारच व्हते, तू थांबायचंस आणि विचारायचंस. आता चल, तू मागनं चढ आणि दोन जागा धर. त्या कामात तुझा हात कुणी धरणार नाय."